स्वयंपाकघराची फरशी

"मी कधी सांगितलं होतं तुम्हाला स्वयंपाकघर उखडायला? कधी?"

माझा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. जाऊ दे! बहिणीच्या बाळंतपणाला पाच दिवस काय गेले, परत येते तर ठेकेदार बिल घेऊन दारात उभा. काम सांगितलं होतं बाथरूमची गळती थांबवायचं आणि तिथल्या फरश्या परत बसवायचं. बिलात मात्र खाली ठळक ओळ: स्वयंपाकघराची नवी फरशी, सामान सात हजार, मजुरी एकवीस हजार. अहो, अठ्ठावीस हजार! त्याच पैशांनी सोमवारी गाळ्याची अनामत भरायची होती. सात वर्षं पलंगाशेजारी मशीन लावून लोकांचे कपडे शिवले, तेव्हा कुठे रस्त्यावरचा गाळा मिळत होता. सोमवार चुकला की तो झेरॉक्सवाल्याच्या घशात.

आमचे हे ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर. फोनवर म्हणाले, "तूच बघ, तुला जमतं." जमतं तर जमतं!

"वहिनी, जरा शांत व्हा," ठेकेदार म्हणाला. "बाबांना विचारूनच केलंय."

बाबा म्हणजे माझे सासरे. खिडकीजवळच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेले. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं त्यांनी. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले आणि आम्हीच हात जोडून काम बंद करायला लावलं. तेव्हापासून ती खुर्ची आणि ते.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणालो," ते पुटपुटले. "चुकलं माझं."

मी आपली तोंडात आलेली शिवी गिळली.

ठेकेदाराने खिशातून पेन काढलं. "हे बघा, सरळ सांगतो. या घरात बाबांच्या शब्दाला किंमत नाही, एवढं इथे लिहून सही करा. ती ओळ मी आत्ता खोडतो. पुढच्या वेळी कुणाशी बोलायचं ते मलाही कळेल."

एवढंच? एका ओळीत गाळा वाचत होता! मी पेन हातात घेतलंसुद्धा.

"लिही पोरी," बाबा म्हणाले. "खरंच आहे ते."

ते माझ्याकडे बघतही नव्हते. खुर्चीचा हात नखाने खरवडत होते. मला भडभडून आलं, आणि रागही आला. त्यांचा, ठेकेदाराचा, माझा, सगळ्यांचाच.

"नाही लिहिणार," मी पेन त्याच्या बिलावर आपटलं. "ते हो म्हणाले ना, मग घर हो म्हणालं. पण काम तपासून घेईन. चला आत!"

अनामत गेली, गाळा गेला, हे दिसत होतं. पण आता माघार नाही! लाटणं उचललं आणि स्वयंपाकघरात फतकल मारून एकेक फरशी ठोकायला लागले. बाबांकडूनच ऐकलं होतं, खाली माल नीट भरला नसेल तर फरशी पोकळ वाजते. ठक. ठक. ठक. मेली एकही पोकळ वाजेना.

"ठोका, ठोका!" ठेकेदार फुलून आला. "माझा एक नंबरचा कारागीर आहे. चार दिवस खपलाय इथे. बाथरूमही त्याचंच."

बाबांचे कान लाल झाले. ते मला दिसलं.

मी तडक बाथरूममध्ये गेले. पहिलीच फरशी, भद्. दुसरी, भद्. पाणी सोडलं तर जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं.

"एकाच कारागिराचं काम म्हणता?"

"ए... एकाच."

"त्याचं?" बाबा उठून दारात आले होते. तीन वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता त्यांचा. "त्याला पाण्याचा ढाळ म्हणजे काय ते माहीत नाही! स्वयंपाकघराची फरशी मी बसवलीय. एक फुटकी होती, ती काढायला बसलो. खालचं सगळंच वाकडं निघालं, राहवेना. या ठेकेदाराला विचारलं, बसवू का? म्हणाला, बसवा, फरशी मी आणून देतो. चारही दिवस मी एकटा होतो तिथे. तुम्ही काम बंद करायला लावलेलं, म्हणून गप्प बसलो."

मी त्यांचे हात धरले. बोटं सिमेंटने चिरली होती. आणि मला हसू आलं, असं आलं की भिंतीला टेकावं लागलं.

"अहो ठेकेदार! माझ्याच सासऱ्यांच्या मजुरीचं बिल मलाच लावता? खोडा ते एकवीस हजार! सात हजार फरशीचे घ्या. बाथरूमचे पैसे ढाळ नीट होईपर्यंत विसरा."

खोडले त्याने. गुपचूप खोडले! सात देऊनही अनामत भरता येत होती, सोमवारी गाळा माझा होता. मला तर नाचावंसं वाटत होतं.

ठेकेदार जाता जाता दारात घुटमळला. "बाबा, माझ्या दुसऱ्या कामावर एकालाही ढाळ जमत नाहीये. येता का? परांची नाही, सगळं जमिनीवरचं काम. रोजच्या रोज पैसे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारू की नको, असं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "शब्द तुमचा."

ते ताठ उभे राहिले. "येतो," ते ठेकेदाराला म्हणाले. "पण तुझ्या त्या एक नंबरला उद्या आठला इथे पाठव. आधी आमचं बाथरूम उखडायचंय."