मिळमिळीत तंबाखू

बायको वारल्यापासून घरात मी आणि माझी आई धोंडुबाई, एवढीच माणसं. आमचं गाव गडबच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आषाढाच्या उधाणात बांध फुटला की घरटी एका माणसानं चिखल उचलायला जायचं, ही गावकीची रीत. त्या साली बांध फुटला तेव्हा मी रोह्याला कंपनीत दुसऱ्या शिफ्टला होतो. परत आलो तोवर बांध बुजला होता आणि गावकी देवळात बसली होती.

पुढारी अर्थातच गुणाजी. हा आमच्या समोरच राहतो. मधे एवढीशी गल्ली, त्याच्या ओट्यावरून थुंकलं तर आमच्या ओट्यावर पडेल. लहानपणापासून तो मला पाण्यात पाहतो आणि मीही त्याला काही फुलं वाहत नाही.

"काळुराम, नारळ ठेव आणि पंचांपुढं नाक घास," गुणाजी म्हणाला.

"कंपनीचा भोंगा तुमच्या बांधाला विचारून वाजत नाय," मी म्हणालो. "नाक घासायला मी काय बांध फोडलाय?"

झालं. गुणाजीनं तिथल्या तिथे मला वाळीत टाकलं. ह्याच्याशी, ह्याच्या घराशी कोणी बोलायचं नाही, ह्याच्या हातचं काही घ्यायचं नाही, आणि जो बोलेल त्याला ह्याच्याच पंगतीला बसवायचं. नियम त्यानंच केला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

मला काय, दिवसभर कंपनीत माणसं होती. कोकण रेल्वेचे रूळ रोह्याच्या पुढे सरकत होते, त्याच्या गप्पा होत्या, शिव्या होत्या. मरण झालं ते आईचं. समोरची चांगुणाकाकी, म्हणजे गुणाजीची आई, ही तिची जन्माची मैत्रीण. दोघींनी मिळून पेणच्या बाजारात चिंबोऱ्या विकल्या, मिळून म्हाताऱ्या झाल्या. गुणाजीनं काकीलाही तोंड उघडू दिलं नाही. आई ओट्यावर बसायची, समोर काकी बसायची, आणि दोघी एकमेकींकडे बघत तांदूळ निवडायच्या. आधी आई चुलीशी बोलायची, भांड्यांशी बोलायची. मग तेही थांबलं. दिवाळीपर्यंत तिच्या तोंडून खोकल्याशिवाय काही निघेना. पेणच्या डॉक्टरनं बॅटरी मारून घसा पाहिला आणि घसा चांगला आहे म्हणाला. मला ते आधीच ठाऊक होतं, आणि गुणाजीचा गळा धरावासा वाटत होता.

कंपनीत माझ्या शिफ्टला वाजिद होता, रोह्याच्या मोहल्ल्यातला. त्याचे वडील जहाजावर नोकरीला होते, पाईप ओढायचे. ते वारले तेव्हा थोरला भाऊ उबेद दुबईला होता. पुढे तो सुट्टीवर आला, आणि सवयीनं वडिलांचा तंबाखूचा डबा घेऊन आला. सगळ्यांपुढं ब्याग उघडली, त्यातून डबा निघाला आणि घरभर रडारड झाली. तो डबा मग घरात कोणालाच बघवेना. वाजिदनं डबा आणि पाईप दोन्ही माझ्या हातात ठेवले.

"विडी चार माणसांत ओढायची चीज," तो म्हणाला. "ही एकट्याची. तासभर चालते."

डब्यावर काय लिहिलंय ते त्यानंच वाचलं. व्हर्जिनिया. माइल्ड. म्हणजे सौम्य.

मी घरी आलो, ओट्यावर बसलो आणि विडीसारखे चार झुरके मारले. तोंडात काही लागलं म्हणाल तर गरम हवा. ना ठसका, ना किक. वर जिभेला चटका असा बसला की रात्री आमटी घेववेना. दुसऱ्या दिवशी मी वाजिदला म्हणालो, "मिळमिळीत हाय तुझा तंबाखू. आणि वर चावतो."

वाजिद हसला. "तंबाखू नाय चावत. तू रागानं ओढतोस. व्हर्जिनियात साखर असते, दमादमानं ओढली तर गोड. भात्यासारखी फुंकलीस तर जीभ भाजते. अब्बा सांगायचे, माइल्ड तंबाखूला माणसाचा राग कळतो."

मग मी शिकलो. एकदा काडी लावायची, तंबाखू फुगतो, तो हलकेच दाबायचा आणि पुन्हा काडी लावायची. चहा बशीत ओतून पितो तसा एकेक घोट घ्यायचा. तेव्हा कुठे त्याची चव कळायला लागली. आधी नव्या पेंढ्याचा वास, अर्ध्यावर आल्यावर काकवी सांडल्यासारखा गोडवा आणि अगदी तळाला आमसुलाचा आंबटपणा. मिळमिळीत नव्हता. फक्त स्वतःहून ओरडत नव्हता. समोर गुणाजी दिसला की मात्र माझा झुरका जोरात जायचा आणि जीभ भाजायचीच. जिभेवरून मला रोजचा राग मोजता यायचा.

हा वास गल्लीत पसरायला लागला. धुराला काही वाळीत टाकता येत नाही. येणारी-जाणारी माणसं आमच्या घरासमोर आली की चाल मंद करायची, नाक वर करायची आणि पुढे जायची. गुणाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो जन्माचा तंबाखूवाला, गावात चुना मळून देणारा पहिला हात त्याचा, आणि तंबाखूवरचा शेवटचा शब्दही त्याचाच. माझ्याशी बोलायची तर बंदी. मग एका संध्याकाळी तो आपल्या कुत्र्याला म्हणाला, "काय रे खंड्या, लोकांच्या घरी तंबाखू जळतोय का उदबत्ती?"

खंड्यानं शेपूट हलवली.

आमच्या ओट्याखाली कोंबडी दाणे टिपत होती. मी तिला म्हणालो, "ए कोंबडे, ज्यांनी जन्मभर पानपट्टीचा चुरा खाल्ला, त्यांना व्हर्जिनिया काय कळणार?"

तिथून सुरुवात झाली. रोज संध्याकाळी तो खंड्याशी बोलायचा आणि मी कोंबडीशी. तो म्हणायचा, "खंड्या, ह्यापरीस गवत जाळलेलं बरं." मी म्हणायचो, "कोंबडे, न ओढता पारख करायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं." तो म्हणायचा, "बायकांचा तंबाखू, बायकांचा!" मी म्हणायचो, "वाकडी मान करून वास तर रोज घेतात लोक." असल्या भांडणात दोघांचाही जेवायचा वेळ टळायचा. माघ सरेपर्यंत आमचे त्या मुक्या जिवांच्या नावानं एकमेकांचे सगळे पूर्वज काढून झाले होते. आई आणि काकी नुसत्या बघत बसायच्या.

एका रात्री जेवताना आई बोलली. इतक्या दिवसांनी बोलली की आवाज घासलेल्या तव्यासारखा आला.

"होळीला नाक घास."

"आये, मी काय गुन्हा केला?"

"तुझ्या नाकापरीस माझी जीभ मोठी हाय," ती म्हणाली आणि ताट सारून उठली.

होळीच्या माळावर पंच बसतात, वाळीतल्या माणसानं तिथे नारळ ठेवून नाक घासलं की गाव त्याला परत घेतं. मी ठरवलं, जायचं. चीड आली, पण आईचा आवाज ऐकला होता. नारळ आणून फळीवर ठेवला. गुणाजीपुढं माझी मान वाकणार, हे डोळ्यांपुढं आणलं की अंगाची आग व्हायची.

होळीच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतून बापे माणसं लाकडं घेऊन माळाकडे चालले होते. गुणाजी ओट्यावर पाय पसरून बसला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो कुत्र्याला म्हणाला, "खंड्या, उद्या एकाचं नाक मातीला लागणार बघ. बायकी तंबाखू ओढणाऱ्याच्या कण्यात किती दम असायचा?"

माझं डोकं फिरलं. त्या दिवशी तंबाखू दुपारभर सुपात उन्हाला पडला होता, कुरकुरीत झाला होता. असा सुका तंबाखू जास्तच भाजतो हे मला पुरतं ठाऊक होतं. मी पाईप गच्च भरला, पेटवला आणि गल्लीच्या मधोमध गटारावरच्या फरशीवर नेऊन ठेवला. ती फरशी ना त्याची ना माझी.

"कोंबडे," मी म्हणालो, "ज्याला पारख असेल त्यानं ओढून बोलावं. नाय तर जन्मभर गप बसावं."

लाकडंवाले थांबले. गुणाजीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. फरशीवरची वस्तू म्हणजे काही माझ्या हातची नव्हे, नियम मोडत नाही, असा त्यानं हिशेब केला असावा. आणि इतके दिवस वास घेऊन घेऊन त्याच्याही तोंडाला पाणी सुटलेलं होतंच. तो ऐटीत उठला, पाईप उचलला आणि मला खुन्नस देत, गाल आत ओढून, भात्यासारखा ओढला. एकदा, दोनदा, तीनदा.

चौथ्या झुरक्याला त्याचे डोळे बाहेर आले. पाईप फरशीवर आपटून तो माझ्यावर धावला, "काळ्या! भाजली रे माझी जीभ! काय घातलंस ह्यात, भडव्या? बोल!"

लाकडंवाल्यांनी लाकडं खाली टाकली.

आणि माझी आई ओरडली. कुठून एवढा आवाज आणला, देव जाणे. "बोलला! गुणाजी बोलला! माझ्या काळुरामाशी बोलला! ऐकलंव ना रे सगळ्यांनी?"

लाकडंवाल्यांत बाकीचे पंचही होते. इतकी वर्षं गुणाजीच्या पुढारपणाखाली त्यांचा जीव घुसमटला होता. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हसू दाबलं, आणि एकजण खूप दुःख झाल्यासारखा म्हणाला, "नियम तुझाच हाय गुणाजी. जो बोलेल तो त्याच्या पंगतीला." गुणाजी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. कोणी उत्तर दिलं नाही. द्यायची आता बंदीच होती. लाकडं उचलून सगळे माळाकडे निघून गेले.

मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

तेवढ्यात चांगुणाकाकी ओट्यावरून उतरली; आता तिचंही घर वाळीतच होतं. गुडघ्यावर हात देत गल्ली ओलांडून आमच्याकडे आली आणि आईच्या शेजारी बसली.

"काय गो धोंडे, जेवलीस?"

आईनं काकीचा हात धरला आणि ती घळाघळा रडली. मग म्हणाली, "नाय गो. तुझ्याबिगर काय जेवायचं?" त्यानंतर ज्या दोघी सुरू झाल्या, त्या दिवे लागले तरी थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माळावर ढोल वाजायला लागला. गुणाजी धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन ओट्यावर आला. त्याची जीभ अजून जड होती.

"खंड्या, सांग त्याला," तो म्हणाला. "मी जातोय नाक घासायला. गाव मला परत घेईल. तू बस हितंच कुजत." मग त्यानं आमच्या ओट्यावर आईशेजारी बसलेल्या काकीकडे पाहून आवाज चढवला, "आये, चल घरी. उद्यापासून हिच्याशी बोलणं बंद."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. हा नाक घासणार, ह्याचं घर गावात जाणार, आणि आईच्या तोंडाला पुन्हा कुलूप. आई बोलायला लागली म्हणून मी जायचं सोडलं होतं, फळीवरचा माझा नारळ तसाच होता. मी उठलो. गुणाजीच्या मागोमाग जायचं, त्याच्या शेजारी माती लागेपर्यंत वाकायचं, दुसरा इलाज नव्हता.

चांगुणाकाकी जागची हलली नाही.

"तू जा," ती मुलाला म्हणाली. "नाक घास, गाल घास, काय घासायचं ते घास. मी हितंच बसणार."

"आये, तुला पण वाळीत टाकतील!"

"टाकू देत. गाव माझ्याशी बोलून बोलून काय बोलतं रे? 'म्हातारे, बाजूला हो.' ही माझी जन्माची हाय. इतके दिवस तुझं ऐकलं ते माझं चुकलं. आता जा, नाय तर बस गप."

मी फळीकडे जाता जाता थांबलो. गुणाजी नारळ हातात घेऊन गल्लीत उभा राहिला. आईला टाकून माळावर गेला असता तर गाव काय म्हणालं असतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ढोल वाढला, माळावर होळी पेटली, तांबडा उजेड कौलांवर आला. तो वळला आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसला. नारळ त्यानं खंड्यापुढं आदळला.

मीही आपल्या ओट्यावर बसलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे दोघं एकमेकांकडे बघत होतो. आता आम्हाला बोलायला कोणाची बंदी नव्हती, आणि बोलायची इच्छा अजिबात नव्हती. मी पाईप भरला, दोनदा काडी लावली. पहिल्याच झुरक्याला जीभ भाजली. त्याच्यावरचा माझा राग तिळभर कमी झाला नव्हता.

बऱ्याच वेळानं समोरून आवाज आला, "खंड्या, विचार त्याला. अजून हाय का त्यातला?"

मी पाईप फरशीवर नेऊन ठेवला. "कोंबडे, सांग त्याला. हळू ओढायचं."

"मला शिकवू नको," गुणाजी थेट माझ्याकडे बघून म्हणाला. मग पाईप उचलला आणि हळू ओढला. बराच वेळ तोंडात धूर घोळवला. "मिळमिळीत हाय," तो म्हणाला आणि पाईप काही खाली ठेवला नाही.

"मिळमिळीत हाय तर दे हिकडं!" मी ओरडलो.

"नाय देत जा!"

"ए मेल्यांनो!" माझी आई कडाडली, पहिल्यासारखी, गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी. "भांडायचं तर माळावर जाऊन भांडा. आमाला जरा बोलू द्या!"