पडवीत अडलेला रिपोर्ट

त्या सकाळी आनंदीबाईंनी आमटीला फोडणी दिली नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. पोलादपूरजवळच्या त्या वाडीला एवढ्यावरून कळलं, की त्यांच्या थोरल्या मुलाला, प्रवीणला बाया, म्हणजे कांजिण्या आल्यात.

छत्तीस वर्षांचा प्रवीण आंबेनळी घाटात टेम्पो चालवायचा. तापाने फणफणलेल्या नवऱ्याला तेजश्रीने आदल्याच दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी अंगावरचे फोड पाहिले, रक्त तपासायला घेतलं, गोळ्या दिल्या. घरी येताच सासूबाईंनी गोळ्या काढून घेतल्या. त्यात तेजश्रीची पाळी आली. तिचं अंथरूण पडवीत पडलं. आजाऱ्याच्या खोलीत जायची तिला बंदी झाली.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "रिपोर्ट पाठवलाय, ताई. प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्यात, यकृताला सूज आहे. मोठ्या माणसाला कांजिण्या जड जातात. आत्ताच महाडला न्या."

तिने मोबाईल सासऱ्यांपुढे ठेवला. हैबतींनी डोळे बारीक करून पाहिलं आणि बायकोकडे बघितलं.

"बाया अंगावर हायत नि सुया टोचायच्या?" आनंदीबाई म्हणाल्या. "सात दिवसांत आपसूक उतरतात. माजी समदी पोरं अशीच उठली."

"आई, ती तेव्हा लहान होती. ह्यांचं रक्त..."

"तू मागं हो गो! सावली पडंल तुजी."

संध्याकाळी प्रवीणच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. "तेजू, पाणी," खिडकीतून आवाज आला. तेजश्री उठली आणि सरळ आत गेली. तिनेच ॲम्ब्युलन्स बोलावली. महाडच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवीण गेला. "काल दुपारीच आणलं असतं तर," तिथले डॉक्टर म्हणाले.

वाडीने मात्र आपलं कारण ठरवलं: विटाळशी आत शिरली, देवी कोपली. तेराव्याला बायका तिच्या हातचं पाणी घेईनात. तिने दोघीतिघींना रिपोर्ट वाचून दाखवला. त्या पदर सावरून उठून गेल्या.

दोन दिवसांनी धाकटी जाऊ आवडी तापली. गळ्याखाली पाण्याचे फोड. आनंदीबाईंनी तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"वयनी," आतून आवडी रडत म्हणाली, "मला हितं नका ठेवू."

तेजश्रीने दार उघडलं. आवडीला धरून ती रस्त्याला लागली. ही तरी वाचेल का, तिला ठाऊक नव्हतं. मागून सासूचे शिव्याशाप येत होते. हैबती ओटीवर बसून होते. ते उठले नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही. एवढंच शिकायला त्या घराला एक कर्ता मुलगा द्यावा लागला.