अडीच हजार माणसं कुठं गेली

सायखेड्याच्या कोंडाजी डेर्ल्यांना साठीतही ना रक्तदाब होता, ना मधुमेह. त्यांना वेबसाइट होती. टोमॅटो, मिरची, झेंडूची रोपं तयार करून विकणाऱ्या त्यांच्या नर्सरीची वेबसाइट चार वर्षांपूर्वी झाली आणि तेव्हापासून सकाळचा चहासुद्धा त्यांना मोबाइलवरचा आकडा बघितल्याशिवाय घशाखाली उतरत नसे. काल वेबसाइटवर किती आले, परवा किती आले. आलेल्यांनी रोपं घेतली की नाही, ही चौकशी दुय्यम. माणूस दारात आला, यातच त्यांना मोठेपणा वाटायचा.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ते कळवणच्या व्याह्यांना, वाल्मीकरावांना, न चुकता फोन लावायचे. वाल्मीकराव कांद्याचे व्यापारी. त्यांच्या खळ्यावर दिवसाला पन्नास ट्रॅक्टर लागायचे, पण महिन्याला नऊ हजार माणूस काही यायचं नाही. ते "बरं बरं, चांगलं हाय," एवढंच म्हणायचे. त्या "बरं बरं"वर कोंडाजींचा पुढचा महिना सुखात जायचा.

तेवीस सालच्या जुलैची एक तारीख उजाडली. कोंडाजींनी मोबाइल उघडला, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. जून महिना : सहा हजार आठशे सत्तर.

"अगं, माणसं गेली!" ते ओरडले.

साळूबाई हौदापाशी रोपांचे ट्रे धूत होत्या. हातातला ट्रे तिथंच पडला. "कोण गेलं?"

"अडीच हजार!"

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. कुठं पूल पडला की काय झालं, त्यांना कळेना. "अहो, कुठली माणसं?"

"वेबसाइटवरची गं!"

"मग तसं सांगा की नीट. माझ्या काळजात धस्स झालं." त्यांनी ट्रे उचलला आणि नवऱ्याकडं पाठ करून धुवायला घेतला.

त्या दिवशी कोंडाजींनी कळवणला फोन केला नाही. दुपारी वाल्मीकरावांचाच आला. "काय कोंडाजीराव, आज आकडा नाय आला?" कोंडाजी म्हणाले, "हॅलो, हॅलो, रेंज नाय," आणि भरल्या रेंजमध्ये फोन कट करून मोटरसायकलला किक मारली. थेट पंचवटी गाठली.

तिथं पितळी भांड्यांच्या एका दुकानावर प्रतिभाचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. कोंडाजींची वेबसाइट तिनंच बनवली होती आणि तीच सांभाळायची. वेबसाइटवर येणाऱ्यांच्या मोजणीची जुनी आवृत्ती बंद होतेय, आता नवी लावावी लागेल, जूनभर दोन्ही शेजारीशेजारी चालवून बघू, असं तिनं मे महिन्यातच सांगितलं होतं. कोंडाजी तेव्हा "चालवा," म्हणाले होते. बँकेतल्या कागदावर सही करताना म्हणतात तसं.

"ताई, माझी अडीच हजार माणसं चोरीला गेली," खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले.

प्रतिभानं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "काका, हा जून. जुन्या मोजणीत नऊ हजार चारशे बारा, नव्यात सहा हजार आठशे सत्तर. महिना तोच, वेबसाइट तीच."

"म्हणजे दोघांतलं एक खोटं बोलतंय."

"कुणीच खोटं बोलत नाही. मोजायची रीत बदललीय. आणि पहिली गोष्ट, ही माणसं नाहीत, भेटी आहेत. एकच माणूस दहादा आला तर दहा भेटी."

कोंडाजींना चार वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, पण त्यांनी ऐकलं नव्हतं.

"आता बघा," प्रतिभा म्हणाली, "कुणी रात्री पावणेबाराला वेबसाइट उघडली आणि सव्वाबारापर्यंत वाचत बसला, तर बाराच्या ठोक्याला जुनी मोजणी एक भेट संपवून दुसरी धरायची. नवी एकच धरते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून आला, आणि मधेच दुसरीकडं दिसलेल्या तुमच्या जाहिरातीवर बोट लागून लगेच परत आला, तर जुन्यात दोन, नव्यात एक."

"एवढ्यानं अडीच हजार?"

"नाही. तुमच्या नर्सरीच्या वाय-फायवरून घरचे, कामगार जे कुणी उघडतात, ते नव्यात मी वगळलेत. त्यात चारशेच्या वर भेटी तुमच्या एकट्याच्याच असतील, काका. तुम्ही दर अर्ध्या तासानं बघता."

"म्हणजे मी माझ्याच नर्सरीत कुणी नाय?"

"तुम्ही मालक आहात. मालकाला पाहुण्यांत कसं धरायचं?"

यावर रागवावं की खूश व्हावं, हे कोंडाजींना ठरवता येईना. "मला नाय पटत," ते शेवटी म्हणाले. प्रतिभानं एक उसासा टाकला. "ठीक आहे. रविवारी मी येते. तुमच्या फाटकावर तुम्ही स्वतः मोजा."

रविवारी नर्सरीत टोमॅटोच्या रोपांची झुंबड होती. कोंडाजी सकाळपासून फाटकाशी खुर्ची टाकून वहीत रेघा ओढत बसले. आत येईल त्याची एक रेघ. दहाच्या सुमाराला गाडीतून खुद्द वाल्मीकराव उतरले. "रोपं बघायला आलो," म्हणाले, पण नजर सगळी व्याह्यांच्या तोंडाकडं होती. कोंडाजींनी कसनुसं हसून त्यांचीही रेघ मारली.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा प्रतिभानं विचारलं, "किती झाले, काका?"

"एकशे सत्त्याऐंशी."

"एवढे कुठले?" साळूबाई चहाचं पातेलं घेऊन आल्या होत्या. "एकशे बारा कप चहा गेला. बसल्याबिगर मी कुणाला कप दिला नाय, आन् एकाला दुसरा दिला नाय."

"तुझे कप चुकले."

"माझे कप कधी चुकत नाहीत."

प्रतिभानं वही हातात घेतली. "काका, तो निळ्या शर्टाचा, सारखा फोन यायचा तो, त्याच्या किती रेघा?"

"चार. चारदा बाहेर गेला, चारदा आत आला."

"दूधवाला?"

"त्याची एक. आत आला की नाय?"

"आणि फाटकातून नुसती मान घालून 'भेंडीचं रोप आहे का' विचारून गेले, ते?"

कोंडाजींनी वही तिच्या हातून परत ओढून घेतली. एवढ्यात वाल्मीकराव त्यांच्या खांद्यावरून वहीत वाकले. प्रत्येक रेघेपुढं कोंडाजींनी बारीक अक्षरात खूण लिहिली होती. "हे 'व्याही' दोन ठिकाणी कसे?"

"तुम्ही दोनदा आलात ना."

"अहो, मी गाडीत चष्मा विसरलो होतो!"

साळूबाईंना हसू आवरेना. पातेलं खाली ठेवून त्या तिथंच बसल्या. कोंडाजींचा चेहरा उतरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी व्याह्यांना खरा आकडा सांगून टाकला, रेंज गेली नव्हती हेही सांगितलं.

वाल्मीकरावांनी मांडी घातली. "एवढंच? मी खळ्यावर नवा काटा बसवला, तवा महिनाभर जो येई तो भांडे. जुन्या काट्यावर एवढं भरायचं, नव्यावर एवढंच कसं? मी म्हणलं, बाबा, जुन्याची नव्याशी तुलनाच करू नको. या महिन्याचं नव्यावर बघ, पुढच्या महिन्याचंही नव्यावरच बघ. वाढलं का घटलं, ते खरं."

प्रतिभा त्यांच्याकडं बघतच राहिली. दोन महिने ती सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगत होती, पण काट्याचं तिला सुचलं नव्हतं.

"आणि नव्यात एक गंमत आहे," ती लॅपटॉप उघडत म्हणाली. "कोण कुठल्या पानावर किती रेंगाळला, ते नीट दिसतं. हे तुमचं पान, काका. फेट्यातल्या फोटोचं. सरासरी सात सेकंद."

"सात?"

"आणि हे, 'रोपं मान का टाकतात'. चार मिनिटं. लोक परत परत येतात यावर. वेबसाइट बनवताना एक पान रिकामं राहत होतं, तेव्हा काकूंनी ट्रे भरता भरता जे सांगितलं, ते मी तसंच उतरवून टाकलं होतं."

"चार मिनिटं?" साळूबाई म्हणाल्या. "आन् हे घरात माझं एक मिनिट ऐकत नाहीत."

वाल्मीकराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढच्या आठवड्यात प्रतिभानं दुसऱ्या पानासाठी मजकूर मागितला. विषय : रोपांना पाणी कधी द्यावं. साळूबाईंना लिहायचा कंटाळा, म्हणून कोंडाजी वही-पेन घेऊन शेडनेटच्या दाराशी बसले. साळूबाई ट्रे लावत सांगत होत्या आणि ते लिहीत होते.

"दिवस मावळताना ट्रेला पाणी मारू नये. रात्रभर ओल राहते, रोपं मुळाशी कुजतात."

कोंडाजींचं पेन थांबलं. गेली पंधरा वर्षं दिवस मावळताना पाण्याचा पाइप हातात घेऊन ट्रेंवरून फिरणं, हे त्यांचंच काम होतं.

"हे तू मला कधी सांगितलं नाय."

"रोज सांगते," साळूबाई म्हणाल्या. "लिहा पुढं."