पडद्यापलीकडचा हात

गाणी लावणाऱ्याला नाचणारे दिसले पाहिजेत, एवढी साधी गोष्ट. पण मुनव्वर पेवेकरच्या नशिबात तीही नव्हती. कुवेतमधल्या कोकणी मुसलमानांच्या लग्नात हॉलचे दोन भाग होत. मध्ये लाकडी पार्टिशन आणि ये-जा करायला एक जाड पडदा. पुरुषांच्या बाजूला नाच नावालाही नसे. तिथे लोक बिर्याणीवर ताव मारत आणि राहण्याच्या परवान्याचा अकामा कुणाचा अडकला, मालक असलेला अरबाब कुणावर बिघडला, याच्या गप्पा छाटत. नाच काय तो सगळा पलीकडे, बायकांमध्ये. आणि मुनव्वर अलीकडे, दोन टर्नटेबलं मांडून पार्टिशनकडे तोंड करून बसलेला. डोळे बांधून भाजी चिरावी तसा प्रकार होता.

त्यावर तोडगा काढला तो लैलाने, त्याच्या बायकोने. ती पडद्याला लागून खुर्ची टाकून बसायची आणि पडद्याच्या फटीतून फक्त मनगटापर्यंतचा हात बाहेर काढायची. तळवा सरळ असला की चालू दे. बोटं फिरली की गाणं बदल, लोक कंटाळले. मूठ मिटली की आवाज उतरव, नवरी येतेय किंवा म्हाताऱ्या वैतागल्यात. मुनव्वरला चालू रेकॉर्ड संपेपर्यंत पुढची काढायची असे, हेडफोनला एक कान लावून तिची सुरुवात शोधायची असे, आणि या सगळ्यात त्याची नजर त्या हातावर खिळलेली असे. लोक म्हणायचे, पेवेकरला पार्टिशनच्या आरपार दिसतं. तो नुसता हसायचा. लैलाचं नाव त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, आणि यात काही चुकतंय असं त्याला तेव्हा वाटलंही नाही.

मुनव्वर मूळचा दाभोळकडचा. दिवसा तो शुवैखच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. रेकॉर्डचा नाद त्याला इराकबरोबरची लढाई संपल्यावर लागला. देश सोडून गेलेल्यांच्या घरातलं सामान तेव्हा शुक्रवारच्या बाजारात ढिगाने विकायला येई. त्यात हिंदी सिनेमांच्या तबकड्या असत, इजिप्तची मिसरी गाणी असत, इंग्रजी डिस्को असे. रिग्गईच्या त्यांच्या दोन खोल्यांत पलंगाखाली चपला ठेवायलाही जागा उरली नाही. लैला आधी कुरकुरली, मग तिलाच त्या तबकड्यांचा लळा लागला. जुन्या ओढणीचा मऊ तुकडा करून ती एकेक रेकॉर्ड पुसायची. कुठल्या रेकॉर्डवर सुई कुठे अडखळते हे नवऱ्याआधी तिला ठाऊक असायचं.

मग श्रीवर्धनचा झैद आला. पोरगेलासा, केसांना जेल लावलेला, आणि बगलेत एक लॅपटॉप. त्याच्या मशीनमध्ये हजारो गाणी होती आणि दोन गाण्यांचे ठेके ते मशीन आपणहून जुळवायचं. मुनव्वरने दोन वर्षं त्याला नावं ठेवली. रेकॉर्डचा आवाज भाकरीसारखा असतो, हे डबाबंद सूप आहे, असं तो गॅरेजमध्ये चहाच्या वेळी ठणकावून सांगायचा. ऐकणारे माना डोलवायचे आणि आपल्या घरच्या लग्नाला झैदला बोलवायचे. शेवटी मुनव्वरनेही लॅपटॉप घेतला. नवा बाटलेला जास्त कट्टर असतो म्हणतात, तसं त्याचं झालं. महिनाभरात तो झैदपेक्षा मोठ्या तोंडाने डिजिटलचे गोडवे गाऊ लागला. बुधवारी संध्याकाळी घरी बसून सगळ्या लग्नाची गाणी तो ओळीने लावून ठेवायचा. कुठे खंड नाही, खरखर नाही. गुरुवारी लग्नात नुसतं बटण दाबायचं.

पहिल्या गुरुवारी लैला नेहमीप्रमाणे पडद्याजवळ बसली. थोड्या वेळाने हात बाहेर आला आणि बोटं फिरली. मुनव्वरने ते पाहिलं. पण गाणी इतकी सफाईने एकात एक मिसळत होती की मध्येच तोडायला त्याचं मन होईना. त्याने दुर्लक्ष केलं. बोटं आणखी एकदा फिरली, थांबली, आणि हात आत गेला. घरी जाताना गाडीत तो उदारपणे म्हणाला की आता तुला त्या कोपऱ्यात ताटकळायची गरज नाही, पाहुण्यासारखी बस, निवांत जेव. लैला "बरं" म्हणाली. त्याला वाटलं, बायकोवर आपण उपकार केले.

पुढच्या शुक्रवारी त्याने सगळ्या रेकॉर्डी बाजारात नेऊन एका इराण्याला देऊन टाकल्या. लैलाला विचारलं नाही. पलंगाखालची मोकळी जागा बघून ती खूश होईल अशी त्याची समजूत होती. तिने तिथे झाडू मारला आणि दोन सुटकेसी सरकवल्या. ओढणीचा तो तुकडा मात्र बरेच दिवस खिडकीच्या गजावर तसाच लटकत होता.

असे सात-आठ महिने गेले. मुनव्वरने टेबलाची दिशाही बदलली. रंगीत दिवे आता लॅपटॉपवरून चालत आणि ते पुरुषांना दिसायला हवेत, म्हणून तो पार्टिशनला पाठ करून बसू लागला.

अमिरुन्निसा म्हणजे लैलाच्या गावची, तिची लहानपणीची मैत्रीण. तिच्या मुलीचं, सफियाचं लग्न होतं. हॉल गच्च भरलेला. नाच ऐन रंगात असताना बायकांच्या बाजूला गावाहून फोन आला. सफियाची आजी, जिने तिला लहानाची मोठी केली, ती गेली होती. पलीकडे नाच जागच्या जागी थांबला. नवरी खुर्चीत कोसळली, अमिरुन्निसाने हंबरडा फोडला. आणि त्यांच्या डोक्यावर धडाड धडाड ठेका वाजतच राहिला. बुधवारी लावलेली गाणी, एकामागून एक, कुठेही खंड न पडता. अलीकडे मुनव्वर मान डोलवत दिव्यांचे रंग बदलत होता. शेवटी सफियाचा मामा धावत आला आणि त्याने लॅपटॉपची वायरच उपटली. त्या शांततेत पलीकडचं रडणं ऐकू आलं तेव्हा मुनव्वरला काय झालं ते कळलं.

लोक काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही. परतताना गाडीत मुनव्वर शरमेपोटी लैलावरच घसरला.

"तू होतीस ना तिथे? हात काढायचास बाहेर."

"काढलेला," लैला म्हणाली. ती समोर रस्त्याकडे बघत होती. "मूठ मिटून. दुखेपर्यंत धरलेला."

त्याची पाठ होती तिकडे. आपल्या बायकोचा हात त्या फटीतून बाहेर आलाय, तो अवघडलाय, मग कधीतरी आत गेलाय, आणि आपण निळा दिवा लावावा की जांभळा याचा विचार करतोय, हे चित्र त्याच्या मनातून हलेना. त्याला स्वतःची फार लाज वाटली. तसं तिला सांगायला हवं होतं. तो नुसता पाणी पिऊन झोपला.

त्यानंतर मिळालेलं पहिलंच काम म्हणजे गॅरेजमधल्या सोबत्याच्या मुलीचं, फरहतचं लग्न. मुनव्वरने टेबल पुन्हा पार्टिशनकडे फिरवलं. आधीपासून गाणी लावून ठेवली नाहीत. दिवेही नेले नाहीत. लैलाला तो चाचरत म्हणाला, "आज पडद्यापाशी बसशील?" तिने मान हलवली, आणि खरंच तिथे खुर्ची टाकून बसली. तिच्या चपलांची टोकं त्याला पडद्याखालून दिसत होती.

त्याने पहिलं गाणं लावलं आणि फटीकडे बघत राहिला. दुसरं लावलं. पलीकडून टाळ्या येत होत्या, पोरींचा गलका येत होता. हात आला नाही. सगळं बरं चाललं असेल म्हणून येत नसेल, असं त्याने मनाला समजावलं. पण मन ऐकेना. तेव्हा आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. नाच भरात असताना, नवरी अजून जेवलीही नसताना, त्याने मुद्दाम पाठवणीचं गाणं लावलं.

पलीकडच्या टाळ्या तुटल्या. कुजबुज झाली, कोणीतरी मोठ्याने हसलं, एका म्हातारीने पेवेकरच्या अकलेचा उद्धार केला. मुनव्वर जागचा हलला नाही. पडद्याची फट सोडून त्याने दुसरीकडे नजर नेली नाही. आता ती बोटं फिरतील, निदान रागाने तरी फिरतील, अशी तो वाट बघत होता. चपलांची टोकं होती तिथेच होती. ते रडकं गाणं त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाजू दिलं.

घरी आल्यावर लैला आरशासमोर बांगड्या उतरवत होती. तो दारात घोटाळला.

"आज हात नाय दिसला," तो म्हणाला.

"कशाला? सगळं नीट तर चाललेलं," लैला म्हणाली. "जेवण पण छान होतं."