हरलो तर

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती आणि आपला पक्ष हरणार, अशीच चिन्हं कार्यकर्त्यांना दिसत होती. पार्सिपनी गावातल्या पक्षशाखेच्या प्रमुख, निवृत्त डॉक्टर उल्का सबनीस यांच्या घरी मीटिंग होती. हरल्यावर पक्षानं कोणती वाट धरायची, यावर वाद चालला होता.

शाखेत नव्यानं आलेली इंजिनिअर रुचा म्हणाली, "उल्कामावशी, प्रचाराला दारोदार फिरताना लोक मला वाढत्या घरभाड्याबद्दल सांगत होते. आपण वाटतो त्या फ्लायरवर त्याबद्दल एक ओळही नाही."

फ्लायर उल्काताईंनीच लिहिला होता. त्यांना ते लागलं. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "हरलो तर शाखा तू सांभाळ. मी तुझ्याबरोबर दारोदार फिरेन."

"आणि जिंकलो तर?"

"तरीही तूच."