मोबाईलची अमावास्या

भूमजवळच्या वस्तीवर हरणाबाईंची खव्याची भट्टी. सुनेनं, ज्ञानेश्वरीनं, मोबाईलवर दुकान काढलं आणि पुण्याच्या हलवायाची पहिलीच मोठी ऑर्डर आली. मोबाईलनं ती परस्पर उद्याची म्हणून घेतलीसुद्धा. उद्या अमावास्या होती, आणि अमावास्येचं दूध वस्तीवर कुणी विकत नसे.

"तुज्या मोबाईलला आमुशा कळत न्हाय व्हय?" हरणाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, एकडाव चालवून घ्या. गिऱ्हाईक तुटलं तर दुकानच बसंल."

"मग तूच जा दारोदार दूध मागाय."

कडेवरच्या लेकराला थोपटत ज्ञानेश्वरीनं हलवायाला फोन लावला. "उद्या आमच्याकडं दूध नसतं. ऑर्डर घेतली ही चूक आमची. आज संध्याकाळच्या दुधाचा खवा रातच्या गाडीनं धाडला तर चालेल का?"

तिनं लेकराला घट्ट धरलं.

"आधी सांगितलंत, बरं झालं," हलवाई म्हणाला. "पाठवा."

हरणाबाईंनी भट्टीत लाकडं सारली. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून सुनेपुढं धरलं.

"लेकरू दे हिकडं. वर्साच्या साऱ्या आमुशा शिकव तुज्या मोबाईलला."