मेंढपाळाचा हात

कापसाच्या बोळ्याला आधी गुलाबी रंग लागला, मग तपकिरी, आणि त्याखालून एक भुवई निघाली — चांगलीच वर चढलेली. जुन्या मूर्तींचा रंग काढून त्या नव्याने रंगवायचं काम ती करायची. तिने तो वीतभर उंचीचा लाकडी मेंढपाळ खिडकीशी नेला. डाव्या डोळ्याला हल्ली नुसतं धुकं. उजव्यातही तेच सुरू झालंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, नाताळ झाला की लगेच ऑपरेशन करू, नाहीतर... ते 'नाहीतर' घेऊन ती घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय. नवरा तिला वाघीण म्हणायचा. सासऱ्यांच्या आजारपणात, घरमालकाशी भांडताना, कुठेही तीच पुढे. आता वाघिणीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

तिने दुसरा बोळा घेतला. चर्चच्या येशूजन्माच्या देखाव्यातला हा मेंढपाळ दर नाताळात हसायचा. हात वर करून या, या म्हणतोय असंच तिला वाटायचं. पण रंगाखालचं तोंड अर्धवट उघडं होतं, डोळे विस्फारलेले, आणि तो हात... तो तर चेहऱ्यापुढे धरलेला. कोरणाऱ्याने घाबरलेला माणूस कोरला होता. कुणाला तरी ते बरं दिसलं नसावं, म्हणून वरून हसू रंगवलेलं.

मूर्ती न्यायला आलेल्या फादरनी ती उजेडात धरली.

"पोरं बिचकतील हो याला बघून."

"रंगवू का परत?"

"थांबा." त्यांनी चष्मा काढला. "येशू जन्मल्याची बातमी सांगताना देवदूत मेंढपाळांना 'भिऊ नका' म्हणतो, ते मी दरवर्षी वाचतो. समोरचे घाबरलेत हे कधी मनातच आलं नाही. राहू दे असाच."

ते गेल्यावर ती रंगलेले बोळे गोळा करू लागली. म्हणजे ती बातमी धीटांकडे गेलीच नव्हती. आणि देव आला तोही कसा — उघडा, थंडीत रडणारा, मानेखाली कुणीतरी हात धरावा लागेल इतका लहान. लांबून धीर दिला नाही त्याने; घाबरणाऱ्यांतच येऊन निजला. मग मी कुणापुढे एवढी ताठ उभी आहे?

नवरा चहा घेऊन आला.

"बस जरा," ती म्हणाली. "मला फार भीती वाटतेय."

त्याने कप खाली ठेवला. "तुला? कशाची गं?"

भीती होती तिथेच होती. ती सांगू लागली, डोळ्याचं, ऑपरेशनचं, त्या 'नाहीतर'चं, आणि आवाज कापायला लागला. तिने तो कापू दिला.